नव्या वस्तीतला दवाखाना कसा पारखावा : मुंबईत नुकतेच राहायला आलेल्यांसाठी

मुंबईत घर मिळते, गॅसची नोंदणी होते, मुलांच्या शाळेचे पाहून होते आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरांचा प्रश्न आठवतो. तोही बहुधा रात्री साडेनऊ वाजता, घरातल्या लहानग्याला सडकून ताप भरल्यावर. अशा वेळी शेजारच्या काकू ज्या दवाखान्याचे नाव घेतात तिकडे आपण धावतो आणि पुढची दहा वर्षे तिथेच जात राहतो. काकूंची शिफारस एका वाक्याची असते : "त्यांचा हातगुण चांगला आहे." सोळा वर्षांपूर्वी साताऱ्याहून भांडुपला राहायला आलो तेव्हा मीही याच वाक्यावर विसंबलो होतो, आणि ते किती फसवे आहे हे कळायला मला दोन वर्षे लागली. साधा विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. माणूस एक-दोन दिवस दुखणे अंगावर काढून मग दवाखान्यात जातो. त्यामुळे तो ज्यांच्याकडे जाईल त्यांचा हातगुण चांगलाच निघतो. गुण किती लवकर आला यावरून डॉक्टरांची पारख करता येत नाही. त्यांनी काय विचारले, काय तपासले आणि काय लिहून दिले यावरून मात्र ती करता येते, आणि त्यासाठी वैद्यकशास्त्र शिकलेले असण्याची गरज नसते.

पहिली पायरी : पाटी वाचावी

दवाखान्यात शिरण्यापूर्वी बाहेरची पाटी सावकाश वाचावी. आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो, आणि औषधाच्या चिठ्ठीवर व पावतीवरही तो द्यावा लागतो. आपली फी फलकावर लिहिणे हेदेखील त्याच नियमांत आहे, पण उपनगरांतल्या गल्ल्यांमध्ये असा फलक क्वचितच दिसतो. एवढ्यावरून कोणाला वाईट ठरवू नये. मात्र फी विचारल्यावर कंपाऊंडर "डॉक्टर सांगतील" म्हणतो आणि डॉक्टर "बघू" म्हणतात, तिथे पुढच्या गोष्टीही अशाच मोघम असण्याचा संभव असतो.

नावापुढच्या अक्षरांनी दबून जाऊ नये. एमबीबीएस, एमडी, डीएनबी ही पदव्यांची अक्षरे आहेत. त्यांच्यापुढे जी लांबलचक रांग असते तिच्यात संघटनांची सदस्यत्वे आणि चार दिवसांच्या शिबिरांची प्रमाणपत्रेही मिसळलेली असू शकतात. एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्या असलेल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून ती पाहता येते. आयुर्वेद व युनानी पदवीधरांची आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी स्वतंत्र परिषदांकडे होते. हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी ते केलेला माणूस मला आजवर फारसा भेटलेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुंबईच्या चाळींत आणि वस्त्यांत ज्यांना आपण सरसकट "डॉक्टर" म्हणतो, त्यांच्यातले पुष्कळजण बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) असतात आणि रोजच्या व्यवहारात ॲलोपॅथीची औषधे देतात. मुंबईतल्याच एका प्रकरणात, होमिओपॅथीची नोंदणी असताना तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले होते. तो रुग्ण दगावला होता. त्यानंतर महाराष्ट्रात नियम बदलले, होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला, आणि त्यावरचे वाद न्यायालयांपर्यंत गेले. नवख्या माणसाने त्या वादात पडू नये, पण आपल्यासमोरच्या डॉक्टरांचे शिक्षण कोणत्या शाखेतले आहे हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. ते विचारल्यावर जे चिडतात त्यांच्यापेक्षा "मी आयुर्वेदाचा आहे, एवढे एवढे मी पाहतो आणि यापुढचे फिजिशियनकडे पाठवतो" असे सांगणारे डॉक्टर मला कितीतरी अधिक भरवशाचे वाटतात.

दुसरी पायरी : बरे असताना एकदा जाऊन यावे

डॉक्टर निवडण्याची योग्य वेळ आजारी नसतानाची असते. वडिलांचे बीपी मोजून घ्यायचे आहे, मुलाच्या लसींचे कार्ड दाखवायचे आहे, गावाकडच्या डॉक्टरांनी चालू केलेल्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या का हे विचारायचे आहे, असे एखादे साधे काम काढून वेळ मोकळा असेल अशा दिवशी जावे. नंबर लावून बाकावर बसले की अर्ध्या तासात बरेच काही दिसते. आत एका वेळी एकच रुग्ण जातो की तिघे शेजारी-शेजारी बसवून एकाच्या गुप्त तक्रारी दुसऱ्याला ऐकवल्या जातात. स्त्री-रुग्णाला तपासताना पडदा आणि सोबत बाई असते की नाही. धापा टाकत आलेल्या म्हाताऱ्याला कंपाऊंडर रांग मोडून आत घेतो की "नंबराने या" म्हणतो, हे सारे तिथे उघड दिसते.

गर्दीविषयी दोन शब्द. गर्दी हे चांगल्या डॉक्टरांचे लक्षण असू शकते, स्वस्त फीचे असू शकते आणि संध्याकाळच्या दोन तासांत शंभर माणसे उरकण्याचेही असू शकते. बाकावर बसल्या-बसल्या घड्याळ पाहावे. सरासरी दोन मिनिटांत माणूस बाहेर येत असेल, तर त्या दोन मिनिटांत खोकल्याचा इतिहास विचारून छाती तपासणे कोणालाही शक्य नाही.

याच भेटीत सोयीचेही विचारून घ्यावे : दवाखान्याच्या वेळा काय, रविवारी काय करायचे, डॉक्टर गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण बसते, फोनवर प्रश्न विचारला तर चालतो का. घरात गुडघेदुखीची आजी असेल तर पहिल्या मजल्यावरचा उत्तम दवाखानाही तिच्या उपयोगाचा नाही.

तिसरी पायरी : प्रश्न आणि तपासणी मोजावी

नव्या रुग्णाला काही प्रश्न विचारल्याशिवाय औषध देणे हा निष्काळजीपणाच आहे. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, सध्या कोणती औषधे चालू आहेत, मधुमेह, बीपी, दमा, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही आहे का, आणि स्त्री-रुग्ण असेल तर दिवस गेल्याची शक्यता आहे का, एवढे तरी विचारले गेले पाहिजे. पहिल्या भेटीत यांतला एकही प्रश्न आला नाही, तर तो दवाखाना सोडण्यास मला तेवढे कारण पुरेसे वाटते.

तपासणीतले खरेखोटे ओळखायला बीपी मोजण्याची पद्धत फार उपयोगी पडते, कारण ती आपल्याला पाहता येते. माणूस पाच मिनिटे शांत बसलेला असावा, पाठीला टेकू असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आणि पहिला आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, अशी ती पद्धत आहे. स्टेशनचा पूल चढून, रिक्षाच्या रांगेत भांडून आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळून, एकाच आकड्यावर जन्माची गोळी सुरू करणारे डॉक्टर मी पाहिलेले आहेत. उलट, "आज जास्त आहे, पण दोन-तीन दिवस सकाळी येऊन दाखवा, मग ठरवू" असे म्हणणाऱ्या डॉक्टरांची एक-दोन भेटींची फी जास्त गेली तरी हरकत नाही.

मधुमेहाच्या रुग्णासाठी आणखी एक सोपी खूण आहे. जे डॉक्टर बोटाला टोचून फक्त त्या दिवसाची साखर पाहतात त्यांचे काम अर्धवट असते. तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन या मूत्रपिंडासाठीच्या तपासण्या यांची आठवण जे स्वतःहून करून देतात, आणि अधूनमधून चपला-मोजे काढायला सांगून पायाचे तळवे पाहतात, त्यांच्याकडे निर्धास्त राहावे.

चौथी पायरी : पुडीत काय आहे ते विचारावे

हा मुंबईच्या दवाखान्यांचा खास विषय आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. इथल्या जुन्या पद्धतीच्या दवाखान्यांत डॉक्टर चिठ्ठी देण्याऐवजी औषधच देतात. कंपाऊंडर पांढऱ्या कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर गोळ्या मांडतो, पुड्या बांधतो आणि "सकाळ-दुपार-संध्याकाळ, जेवणानंतर" एवढे सांगून हातात ठेवतो; सोबत कधी बाटलीत पातळ औषधही असते. तपासणी आणि दोन दिवसांचे औषध मिळून एकच फी पडते, केमिस्टकडे जायला लागत नाही, आणि हातावर पोट असलेल्यांना ही पद्धत परवडते. नोंदणीकृत डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यास कायद्याची मनाईही नाही. दोष पुडीत नाही. पुडीवर काहीच लिहिलेले नसते, तिथे आहे.

वडिलांचा एक प्रसंग सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका दवाखान्यातून त्यांच्या अंगदुखीसाठी तीन दिवसांच्या पुड्या आणल्या होत्या : प्रत्येक पुडीत एक गुलाबी गोळी, एक पांढरी आणि एका पिवळ्या गोळीचा अर्धा तुकडा. दुसऱ्या रात्री त्यांचा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या आणि आम्ही त्यांना पालिकेच्या रुग्णालयात नेले. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध चालू आहे?" मी खिशातून पुडी काढून उलगडली. त्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरली, गुलाबी गोळी उलटीपालटी केली, तिच्यावर काही छापलेले नव्हते. "हे मला कसं कळणार, काका?" असे ते वडिलांना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात विचारायला गेलो तर "वेदनाशामक होतं, सगळ्यांनाच देतो" एवढेच उत्तर मिळाले. वडील बरे झाले. पण त्यांना नेमके कोणते औषध चालत नाही, हे आम्हाला आजही निश्चित सांगता येत नाही.

म्हणून पुडी घेताना एका कागदावर औषधांची नावे आणि मात्रा लिहून मागाव्यात. ही मेहेरबानी नव्हे. वर उल्लेखलेल्या २००२ च्या नियमांतच, डॉक्टरांनी स्वतः औषध दिले असल्यास चिठ्ठीवर तसे स्पष्ट असावे असे म्हटले आहे. औषधाचे नाव मूळ म्हणजे जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी सुधारणा त्या नियमांत २०१६ साली झाली. मागताना सूर मात्र जपावा. "डॉक्टर, गावाकडच्या डॉक्टरांना दाखवायला लागतं, नावं लिहून द्याल का?" असे विचारले की सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्यातूनही नाही म्हणाले, तर पुडी टेबलावर ठेवून निघून यावे.

पाचवी पायरी : सुई, सलाईन आणि अँटिबायोटिक यांवर नजर ठेवावी

"डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय," असे म्हणणारे रुग्ण आहेत म्हणून सुया मारणारे डॉक्टर आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. साध्या ताप-सर्दीला इंजेक्शनाची गरज जवळजवळ कधीच नसते. एका सुईत ताप उतरून, अंगदुखी जाऊन, भूकही लागली, तर आनंद मानण्याआधी तिच्यात स्टिरॉइड होते का हे विचारावे; डेक्सामेथासोनसारखी औषधे योग्य कारणासाठी जीव वाचवतात, पण सर्दीतापात दिल्यास साखर वाढवतात आणि आतला जंतुसंसर्ग झाकून ठेवतात. सलाईनचेही तसेच. उलट्या थांबत नसतील, तोंडाने पाणीच राहत नसेल, तर सलाईन हवी. "अशक्तपणा आहे, एक बाटली लावतो" या सलाईनचा हिशेब मात्र करून पाहावा : नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकीचे पाणी असते. तिच्यात जीवनसत्त्वांचे इंजेक्शन घालून ती पिवळी केली की तिची किंमत वाढते, गुण वाढत नाही.

इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली जावी, वापरल्यावर सुई तोडणाऱ्या यंत्रात घातली जावी, आणि इंजेक्शननंतर थोडा वेळ बसवून ठेवले जावे. औषधाची तीव्र ॲलर्जी आली तर लागणारे ॲड्रेनॅलिन हाताशी असते का, हे विचारायला संकोच करू नये. वापरलेल्या सिरिंज आणि रक्ताळलेला कापूस घरगुती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जाताना दिसला, तर त्या डॉक्टरांची इतर शिस्तही तशीच समजावी. २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या-डब्यांत वेगळा करावा लागतो.

अँटिबायोटिकांच्या अनेक पाकिटांवर आता उभी लाल रेघ असते. चिठ्ठीतले औषध तसे निघाले, तर "हे कशासाठी आणि किती दिवस?" हा प्रश्न विचारावा. "घसा पाहिला, टॉन्सिलवर पू आहे, इतके दिवस घ्या आणि मध्येच सोडू नका" हे उत्तर झाले. "ताप आहे ना, म्हणून" हे उत्तर नव्हे.

खोकल्याबाबत मुंबईकराने अधिक सावध राहावे, कारण या शहराला क्षयाचा मोठा इतिहास आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी तब्बल ८० वेगवेगळ्या तऱ्हेचे उपचार लिहिल्याचे आढळले होते. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तशाच पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या, आणि त्यांतल्या केवळ ६ जणांची चिठ्ठी बरोबर होती. तेव्हापासून बरेच बदलले आहे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि थुंकीची आधुनिक तपासणी व औषधे सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतात. तरीही खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते आहे, आणि डॉक्टर तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली किंवा नवे अँटिबायोटिक बदलून देत आहेत, तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आपणहून मागावा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिके क्षयाच्या जंतूंवरही थोडाबहुत परिणाम करतात, त्यामुळे खोकला तात्पुरता कमी होतो आणि निदान लांबते. हे ठाऊक असलेले डॉक्टर ते औषध देण्याआधी थांबतात.

सहावी पायरी : पावसाळ्यात परीक्षा घ्यावी

जून ते ऑक्टोबर या काळात मुंबईतल्या कोणत्याही फॅमिली डॉक्टरांची खरी परीक्षा होते. हिवताप, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून, विशेषतः जखमेवाटे होणारा आजार) हे तिन्ही ताप सुरुवातीला सारखेच दिसतात, म्हणून चांगले डॉक्टर या दिवसांत एक प्रश्न हटकून विचारतात : "साचलेल्या पाण्यातून चालत आलात का? पायाला जखम आहे का?" २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर, ज्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शहरात लेप्टोची मोठी साथ आली होती. पालिका दरवर्षी सांगते त्याप्रमाणे, अशा पाण्यातून गेलेल्याने ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यायचे असते. तुमचे डॉक्टर हे ताप येण्यापूर्वीच सांगत असतील, तर त्यांना सोडू नका.

डेंग्यूची शंका असताना पॅरासिटामॉलशिवाय दुसरे वेदनाशामक देणे धोक्याचे असते, कारण ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणी उपयोगी पडते. उलट टायफॉइडसाठी तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या विडाल तपासणीवर विसंबता येत नाही, आणि तरी तीच सर्रास लिहून दिली जाते. सगळ्या तपासण्या एकदम लिहिणारे डॉक्टर हुशार आणि एकही न लिहिणारे प्रामाणिक, असे मात्र समजू नये. कोणती तपासणी आज आणि कोणती ताप चौथ्या दिवसावर गेला तर करायची, हे कारणासह सांगणाऱ्यांचे ऐकावे.

या सगळ्या भेटीत शेवटी एक वाक्य ऐकू येते की नाही इकडे मी कान लावून बसतो, आणि डॉक्टर पारखण्याची माझी एकच कसोटी विचारली तर मी हीच सांगेन. ते वाक्य असे : "अमुक झालं तर वाट न बघता परत या." डेंग्यूत ताप उतरताना पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले किंवा माणूस ग्लानीत गेला तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते, आणि नेमके त्याच वेळी "ताप गेला" म्हणून घरचे निर्धास्त झालेले असतात. "दोन दिवसांनी या" एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलेले असते. काय झाले तर यायचे, हे सांगणाऱ्यांनी आजार पाहिलेला असतो.

सातवी पायरी : पुढे पाठवतात कुठे आणि कसे

मोठ्या डॉक्टरांकडे पाठवणे हा कमीपणा नव्हे. मात्र पाठवताना हातात काय दिले जाते ते पाहावे. लक्षणे कधी सुरू झाली, काय तपासले, कोणती औषधे दिली, शंका कशाची आहे, एवढे चार ओळींत लिहिलेली चिठ्ठी सोबत असली तर केईएम, सायन, नायर किंवा कूपर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत पहाटेपासून केसपेपरच्या रांगेत उभे राहिल्याचे चीज होते, कारण पुढच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. नुसते एखाद्या रुग्णालयाचे छापील कार्ड देऊन "माझं नाव सांगा" म्हणणे हे पाठवणे वेगळ्या प्रकारचे असते.

याला मुंबईत "कट" म्हणतात. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास आचारनियमांत बंदी आहे, आणि २०१७ साली राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. कट आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याची सावली दिसते. "रक्त त्याच लॅबमध्ये तपासा, दुसरीकडचा रिपोर्ट मी बघत नाही" असे ऐकले की विचारावे, का? त्या लॅबच्या रिपोर्टवर पात्र पॅथॉलॉजिस्टची सही असते आणि आकडे भरवशाचे येतात, असे कारण असू शकते आणि ते पटण्यासारखे आहे. मग तशीच सही असलेली दुसरी लॅब चालेल का, हा पुढचा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरातच काय ते कळते.

पालिकेच्या दवाखान्यांबद्दल

नव्याने आलेली मध्यमवर्गीय मंडळी पालिकेचा दवाखाना विचारातच घेत नाहीत, आणि ती चूक आहे. हिवतापाची रक्ततपासणी, क्षयाची तपासणी व औषधे, बाळांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी, कुत्रा चावल्यावरची लस यांसाठी खासगी दवाखान्याआधी तिथे जावे. २०२२ पासून सुरू झालेल्या "आपला दवाखाना" योजनेतले अनेक दवाखाने संध्याकाळनंतरही उघडे असतात, त्यामुळे नोकरदारांची जुनी अडचण काही अंशी सुटली आहे. रांग असते, बसायला जागा अपुरी असते, कधी एखादे औषध संपलेले असते, आणि डॉक्टरांची बदली झाली की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, हे खरे. पण त्यांना सुई मारून किंवा पिवळी सलाईन लावून काही मिळवायचे नसते. लसींच्या बाबतीत तर मी पालिकेलाच झुकते माप देतो, कारण लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि तिथे त्या तापमानाची रोज नोंद होते. खासगीत लस घ्यायची असेल तर फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का आणि आत लसीशेजारी दुधाची पिशवी तर नाही ना, हे बेधडक पाहावे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची जी साथ पसरली तिच्यात लस न मिळालेली मुले मोठ्या संख्येने होती. त्यामुळे गावाहून येताना बाळाचे लसीचे कार्ड मागे राहिले असेल, तर ते पहिल्या महिन्यातच मागवून घ्यावे.

काही बिनसलेच तर

आपल्या नोंदींची प्रत मागितल्यास आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावी, असा नियम आहे. डॉक्टर बदलताना भांडण करण्याचे कारण नसते. "घर बदलतोय" एवढे म्हणून कागद घ्यावेत. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार ते ज्या परिषदेकडे नोंदलेले असतील तिच्याकडे लेखी करता येते. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. आणि कोणत्याच नोंदवहीत नाव नसलेला माणूस दवाखाना चालवत असल्याची खात्री पटली, तर पालिकेच्या आपल्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना व पोलिसांना कळवावे. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणे १९६१ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. तक्रार करताना पावती, चिठ्ठी, रिपोर्ट यांतले काहीतरी हाती लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून पावती मागण्याची सवय ठेवावी, मग फी शंभर रुपये का असेना.

हे सगळे कागद आम्ही आता प्रत्येकाच्या नावाच्या वेगळ्या प्लॅस्टिक फाइलमध्ये ठेवतो, कारण भांडुपच्या पावसात साध्या पिशवीतले रिपोर्ट घरी पोहोचेपर्यंत लगदा होतात. वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत त्यांच्या चालू गोळ्यांची नावे आणि त्याखाली "एका वेदनाशामकाची ॲलर्जी, नाव माहीत नाही" असे लिहिलेले आहे. फाइल दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असते, आणि तिच्या बाहेर रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक चिकटवलेला आहे.